पहिल्या मजल्यावरचा टब

विज्ञान शिकवायला काय लागतं, असं मला कोणी विचारलं तर आता मी ठामपणे सांगू शकते: एक मोठा टब, आणि तो कोणत्या मजल्यावर ठेवायचा याचा आधी केलेला विचार. पहिली गोष्ट माझ्याकडे होती.

मुळात मी विज्ञानाच्या वाटेला जाणारी बाई नव्हे. जाडजूड पुस्तकांच्या शेवटी छापायच्या सूच्या मी करते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते मला माहीत असतं. त्या पानावर काय लिहिलंय तेही माहीत असावं, अशी माझ्याकडून कोणाची अपेक्षा नसते. विज्ञान आईचं होतं. बालवर्गाच्या शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयात ती ‘बालकांसाठी विज्ञान’ हा विषय शिकवायची. म्हणजे पुढे तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे उभ्या राहणार, अशा मुलींना. सत्राच्या मध्यावर आई गेली. तिच्यामागे घरात तिच्या चपला राहिल्या आणि बाहेर हा विषय. चपलांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. विषयाचं काय करायचं ते महाविद्यालयात मात्र बऱ्याच जणांना कळलेलं होतं.

“समिती येतेय,” प्राचार्याबाई फोनवर म्हणाल्या. “विषय बंद पडलेला दिसला तर त्याचे तास हस्तकलेला जाणार. हस्तकलेच्या बाई टेप घेऊन खोलीचं माप काढूनसुद्धा गेल्या.”

“मी काय करू?”

“वर्गात कोणीतरी उभं हवं हो. सत्र संपेपर्यंत. तुम्ही त्यांच्या कन्या.”

“पण मला विज्ञान येत नाही.”

“अहो, बालवर्गाचं विज्ञान! बुडणं, तरंगणं, सावली, बी रुजणं. त्यात येण्यासारखं काय असतं?”

या प्रश्नाचं उत्तर मला पुढचे कितीतरी दिवस, हप्त्याहप्त्याने, बहुधा ओल्या कपड्यांत मिळत राहिलं.

पहिल्या दिवशी मुलींनी माझं टाळ्या वाजवून स्वागत केलं. मी भारावले. मग लक्षात आलं की या मुली सगळ्याचंच टाळ्या वाजवून स्वागत करतात. खडू सापडला, टाळ्या. पंखा सुरू झाला, टाळ्या. लहान मुलांचा उत्साह कधी मावळू द्यायचा नाही, हे त्यांच्यात इतकं मुरलेलं आहे की कोणी चुकलं तर सगळ्या एका सुरात “किती छान प्रयत्न!” म्हणतात. फळ्यावर तारीख लिहिताना मी महिना चुकवला, तेव्हा मलाही म्हणाल्या. माझ्या वयाच्या आणि वाचनाच्या बाईला कोणी “किती छान प्रयत्न, ताई!” म्हटलं की काय वाटतं, ते ज्याचं त्यानेच अनुभवावं.

त्यांच्यातल्या तिघींची ओळख करून द्यायला हवी. एक गाणारी. जगातली कोणतीही गोष्ट चालीत बसवल्याशिवाय तिच्या गळी उतरत नसे. दुसरीला सगळ्या शंकासुर म्हणत, आणि तिला ते आवडत असे. तिसरी कात्रीवाली. तिच्या पिशवीत कात्री, गोंद, रंगीत कागद, लोकर आणि चिकटपट्टी कायम असे. ती जिथे अर्धा तास बसे तिथल्या वस्तूंना डोळे आणि हसरं तोंड उगवे. माझ्या छत्रीला अजून आहे.

त्या दिवशीचा धडा होता ‘बुडणे आणि तरंगणे’. मी घरून वाटी आणली होती. त्यात पाणी, पाण्यात खडा आणि बुचाचा तुकडा. खडा बुडाला, बूच तरंगलं, टाळ्या झाल्या. लगेच गाणारी उठली आणि सगळ्या वर्गाने हातवारे करत तिचं गाणं म्हटलं:

जड जड दगड, तळाशी पड!
हलकं हलकं पान, पाण्यावर छान!

“अगदी बरोबर,” मी म्हणाले. “जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं.” विज्ञान सोपं असतं हे मला आईने कधीच का सांगितलं नाही, असा विचार मनात येऊनही गेला.

“ताई,” शंकासुराने हात वर केला. “जहाज हलकं असतं?”

वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी वाटीकडे बघू लागले.

“चांगला प्रश्न आहे,” मी म्हणाले. “उद्या.” आणि वाटी उचलून, पाणी सांडत, जितक्या सन्मानाने निघता येईल तितक्या सन्मानाने निघाले.

घरी येऊन मी विश्वकोश काढला. ‘तरंगणे: पाहा प्लावकता.’ मी प्लावकता पाहिली. ‘प्लावकता: पाहा तरंगणे.’ ही सूची मीच केली होती. पुष्कळ वर्षांपूर्वी, आणि त्या वेळी तिचं कौतुकही झालं होतं.

मामा आरामखुर्चीतून हे बघत होता. आई गेल्यावर मामा चार दिवस राहायला म्हणून आला आणि मग त्याने परत जायचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. मामा धरणखात्यातून निवृत्त झालेला. लोकांना वाटतं त्याने धरणं बांधली. प्रत्यक्षात तो धरणं बांधणाऱ्यांच्या रजा मंजूर करायचा. पण पाणी या विषयात शेवटचा शब्द त्याचा, हे आमच्या घरात केव्हाच ठरून गेलं आहे.

“यात वाचायचंय काय?” तो म्हणाला. “जड वस्तू बुडते. स्वयंपाकघरात तो भोपळा आहे ना, आण. न्हाणीघरातल्या पिंपात टाकू. दगडासारखा जातो की नाही बघ.”

भोपळा असा होता की मामाने तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून, मध्ये एकदा स्टुलावर टेकवून आणला. त्याने तो पिंपात सोडला. भोपळा गडप झाला, मामाने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं, आणि त्याच्या पाठीमागे भोपळा वर येऊन निवांत डोलायला लागला.

मामाने वळून पाहिलं. त्याला हा अपमान वाटला असावा. त्याने भोपळ्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला. भोपळा खाली गेला, हात काढले की वर. पुन्हा खाली, पुन्हा वर.

“अगं, ढकलतोय मला!” मामा ओरडला. “खालून वर ढकलतंय पाणी! हात घाल, हात घाल!”

मी हात घातला. खरंच ढकलत होतं. आयुष्यभर मी पाण्यात हात घातले आहेत, पण पाणी उलट जोर लावतं हे कधी लक्ष देऊन अनुभवलं नव्हतं. मग आम्हाला दुसरं काही सुचेना. द्राक्ष टाकलं, ते सरळ तळाला गेलं. भोपळा वर आणि द्राक्ष खाली! बटाटा बुडाला. सफरचंद तरंगलं. संत्रं तरंगलं. मी तेच संत्रं सोलून टाकलं, म्हणजे आधीपेक्षा हलकं करून टाकलं, आणि ते बुडालं.

 मग मामाने संत्र्याची साल दिव्याखाली धरली. “भोकं आहेत बारीक. हवा भरलीये गं हिच्यात. हवेचा कोट घातलाय लेकाने!” आणि आपली कवळी काढून पाण्यात टाकायच्या बेताला आला. मी वेळेवर हात धरला.

त्या घरात बरेच दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. त्यामुळे समोरच्या काकू दार वाजवत आल्या, चेहरा पांढरा.

“काय झालं? कोण पडलं?”

“कोणी नाही काकू. संत्रं बुडलं.”

काकूंनी मला न्याहाळलं, मामाला न्याहाळलं. “सोललेलं बुडतं आणि बिनसोललेलं तरंगतं? कसलं बोलता. सरका बघू.” आणि त्यांनी बाही वर केली.

मला त्या रात्री झोपेच्या आधी एवढं नक्की कळलं होतं: वाटीत खडा टाकून हे कोणाला कधीच कळणार नाही. मुलींनी कोपरापर्यंत हात घालून भोपळा दाबला पाहिजे. त्यासाठी मोठं भांडं हवं. एवढीच माझी इच्छा होती. इतिहासातले बरेच अनर्थ असेच सुरू झालेले असतात, हे मी सूच्या करताना वाचलेलं आहे. पण वाचलेलं वेळेवर आठवत नाही.

महाविद्यालयाच्या कार्यालयात मोठे कारकून बसत. त्यांच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे असे रचलेले असत की बोलणाऱ्याला फक्त त्यांचा चष्मा दिसे.

“टब,” ते म्हणाले. “कोणत्या शीर्षाखाली? फर्निचर म्हणावं तर त्यात पाणी. पाणीपुरवठा म्हणावं तर त्याला नळ नाही.”

“शैक्षणिक साहित्य म्हणा.”

“शैक्षणिक साहित्य कपाटात मावलं पाहिजे.”

“असा नियम आहे?”

“कपाट तसं आहे.”

टब अखेर काकूंनी दिला. त्यांनी न्हाणीघर नवं केलं तेव्हा काढलेला, लोखंडी, आतून पांढरा, नखं असलेल्या चार पायांचा टब गच्चीत पडून होता. “न्या,” त्या म्हणाल्या, “पण परत आणू नका.” टब उतरवताना आमच्या इमारतीतल्या लोकांनी खूप मदत केली, म्हणजे सल्ले दिले. तो आडवा न्यावा, उभा न्यावा, पालथा न्यावा, कापून न्यावा. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निर्णय राखून ठेवला.

विज्ञानाची खोली पहिल्या मजल्यावर आहे, हे मला माहीत होतं. टब जड आहे, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एका वाक्यात मात्र मी जिन्याच्या वळणावर आणल्या, तेव्हा टब तिथे पक्का अडकलेला होता. हमाल घाम पुसत होते, मामा खाली उभा राहून “सावकाश” म्हणत होता. हस्तकलेच्या बाई खाली अडकल्या, प्राचार्याबाई वर. तास सुरू व्हायची घंटा झाली. प्राचार्याबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग चपला हातात घेतल्या, टबात उतरल्या, त्याच्या लांबीभर चालल्या आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडल्या. कोणी हसलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

“हे समितीपुढे होता कामा नये,” माझ्याजवळून जाताना त्या म्हणाल्या.

टब वर पोहोचल्यावर कळलं की त्याला बूच नाही. मी प्लंबर शोधायला निघाले, तर कात्रीवाली म्हणाली, “ताई, थांबा ना, आम्ही करतो.” बालवर्गाच्या शिक्षिकेला जगात कोणतंही भोक दिसलं तर ती ते खेळायच्या मातीने बुजवते. यांनी सगळ्या रंगांची माती एकत्र मळून सुंदर बूच केलं, त्याला डोळे काढले, आणि बादल्यांची साखळी करून गाणी म्हणत टब भरला. आम्ही भोपळा दाबला. प्रत्येक मुलीने दाबला. त्या ओरडल्या, मी ओरडले, शंकासुराने भोपळा सोडला तेव्हा तो उसळून तिच्या हनुवटीला लागला, तरी ती ओरडली, “परत! परत!” असा तास मी माझ्या शाळा-कॉलेजात एकही अनुभवला नव्हता. घरी जाताना मी चालत नव्हते, जवळजवळ उड्या मारत होते, आणि ते बघायला ओळखीचं कोणी रस्त्यावर नव्हतं हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे कारकून कार्यालयात छत्री उघडून बसले होते.

“ताई,” ते म्हणाले, “वर विज्ञान चाललंय का?”

“हो.”

“ते खाली येतंय.”

त्यांनी मला रीतसर पत्र दिलं: गळतीचं कारण लेखी कळवावे. मी ते वर्गात वाचून दाखवलं, निदान मुलींनी लाजावं म्हणून. त्या लाजल्या नाहीत. “ताई, माती का विरघळली?” शंकासुर म्हणाली. “सगळ्याच गोष्टी विरघळतात का? बघू या ना!” मग पाण्याला काय अडवतं याचा शोध सुरू झाला. माती हरली. कागदाचा लगदा हरला. साबण हरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त साबणाला नव्हतं. मेणबत्तीचं मेण टिकलं, पण त्याला तडा गेला. शेवटी मेणाभोवती सायकलच्या ट्यूबचं रबर असं एक बूच तयार झालं. प्रत्येक वेळी मोठे कारकून जिना चढून वर येत आणि दारातून सांगत, “अजून येतंय.” रबराच्या बुचानंतर ते आले, उगीच इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, “थांबलं.”

मुलींनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या नोकरीत त्यांच्यासाठी बहुधा कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते खाली गेले. गळतीचं कारण मात्र लेखी घेतलंच.

या सगळ्या धामधुमीत एक जण गप्प झाली होती. गाणारी. आधी माझ्या लक्षात आलं नाही. पंखा बंद पडला की खोलीत काय कमी झालं ते चटकन कळत नाही, तसं झालं. तास सुटल्यावर ती टबाशी थांबली.

“ताई, माझं गाणं खोटं आहे ना?”

“चाल चांगली आहे,” मी म्हणाले.

“मी गेल्या वर्षी सरावाच्या वेळी किती मुलांना शिकवलं ते. त्या सगळ्यांना आता ते पाठ असणार.” ती टबातल्या सफरचंदाला बोटाने फिरवत होती. “समितीपुढे मला उभं करताय. मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर?”

हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून स्वतःला विचारायचा होता. याचं उत्तर ज्या व्यक्तीकडे होतं तिचाच वर्ग मी घेत होते. मी फडकं घेऊन फळा पुसायला लागले. फळा कोरा होता.

“तुला आलं नाही तर,” मी म्हणाले, “आपण दोघी असू, ज्यांना येत नाही.” हे काही फार धीर देणारं वाक्य नव्हतं. पण ती हसली.

समिती यायच्या आदल्या दिवशी प्राचार्याबाईंची सूचना आली: ‘बालकांच्या हाती टोकदार, टणक अथवा इजा होण्याजोगी वस्तू देऊ नये.’ मी ती फळ्याशेजारी टाचली आणि उद्याचे कपडे इस्त्री करायला घरी गेले. एखाद्या वर्गाला सूचना देऊन निघून जाणं आणि त्या वर्गात कात्रीवाली असणं, यांचा एकत्र विचार मी पुन्हा केला नाही.

सकाळी टबाभोवती बालवर्गातली मुलं ॲप्रन घालून उभी होती. समोर अध्यक्षबाई, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मान डोलावणारे गृहस्थ. अध्यक्षबाईंचा चेहरा असा, की त्यांनी हे सगळं आधीच पाहिलेलं आहे आणि आता फक्त सही करायची आहे. मागे प्राचार्याबाई. त्यांच्या मागे हस्तकलेच्या बाई, हातात टेप. दारात मामा, ज्याला कोणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांच्या मागे मोठे कारकून, सवयीने छत्री घेऊन.

टबाशेजारच्या ट्रेमध्ये दगड, चावी, चमचा, खिळ्यांचं पुडकं, सगळं मांडलेलं होतं. प्रत्येक वस्तूभोवती पॅकिंगचा जाड पांढरा फोम गुंडाळून, चिकटपट्टीने बांधून, वर डोळे आणि हसरं तोंड. इजा होण्याजोगी एकही वस्तू नव्हती. फार गोड दिसत होतं. मलाही गोडच वाटलं, हे कबूल करते.

गाणारी पुढे आली. “आता आपण दगड पाण्यात सोडू. काय होईल?”

“बुडेल!” मुलं ओरडली.

तिने दगड सोडला. दगड डुबुक करून खाली गेला, वर आला, आणि अध्यक्षबाईंकडे बघून हसत तरंगू लागला.

चावी तरंगली. चमचा तरंगला. खिळेही तरंगले. जगातल्या सगळ्या जड वस्तू त्या टबात हसऱ्या तोंडाने तरंगत होत्या. मी कात्रीवालीकडे पाहिलं. ती हळूहळू भिंतीत शिरू पाहत होती. प्राचार्याबाईंनी डोळे मिटले. मागून टेप उघडल्याचा कर्रर आवाज आला. अध्यक्षबाईंनी पेनचं टोपण काढलं. आईचा विषय माझ्यादेखत पाण्यात गेला, आणि त्या पाण्यात फक्त तोच बुडला.

गाणारीने तरंगणाऱ्या दगडाकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता गाणं म्हणणार. मला वाटलं, “किती छान प्रयत्न!” म्हणून दगडाला टाळ्या देणार. तिने टबाच्या काठावर दोन्ही हात ठेवले आणि मुलांच्या उंचीला येऊन बसली.

“मला वाटलं होतं बुडेल,” ती म्हणाली. “का नाही बुडला? मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?”

मग लाल मोज्यांची एक मुलगी, जिला अजून सगळे शब्द नीट येत नव्हते, म्हणाली, “त्याने स्वेटर घातलाय.”

“मग?”

“काढा स्वेटर!”

फोम काढला. दगड टुपकन तळाला. मुलं अशी ओरडली की मान डोलावणारे गृहस्थ दोघेही एक पाऊल मागे सरकले. “आता नुसता स्वेटर!” नुसता फोम तरंगला. “परत घाला!” घातला, वर आला. “अर्धाच घाला!” अर्धा घातला, तर दगड मध्येच वाकडा होऊन हळूहळू, विचार करत करत खाली गेला. ते बघायला सगळ्यांची डोकी टबावर इतकी झुकली की मागच्यांना काही दिसेना. शंकासुर तोवर चिकटपट्टी सोडवायला लागली होती. “आणि चावीला केवढा लागेल? दगडापेक्षा कमी? पैज!” कात्रीवाली भिंतीतून बाहेर आली आणि फोम कापू लागली, मापात, शास्त्रीय पद्धतीने, डोळे न काढता. मामा दारातून आत शिरला, “भोपळा कुठाय? त्यांना भोपळा दाखवा!” म्हणत.

“हे तुम्ही ठरवून केलं होतं?” अध्यक्षबाईंनी विचारलं. प्रश्न मला होता. हो म्हणायला अगदी सोपं होतं आणि प्राचार्याबाई मला डोळ्यांनी तेच सांगत होत्या.

गाणारी टबापाशीच होती. “नाही मॅडम,” ती म्हणाली. “आमचं चुकलं. पण काय छान चुकलं!”

अध्यक्षबाईंनी पेनचं टोपण लावलं. त्यांनी पर्समधून चष्म्याची कठीण पेटी काढली, चष्मा उजवीकडच्या गृहस्थांच्या हातात दिला, आणि लाल मोजेवालीला विचारलं, “ही?”

“तरंगणार.”

“लोखंडी पत्रा आहे गं आत. बुडणार.”

पेटी तरंगली. अध्यक्षबाईंनी ती उघडून परत टाकली. बुडाली. ती काढायला त्यांनी बाही वर करायचीही वाट पाहिली नाही. कोपरापर्यंत भिजलेल्या हाताने त्यांनी पेटी बंद केली, परत सोडली, आणि त्यानंतर बराच वेळ समितीचं कामकाज झालं नाही.

निर्णय लेखी आला. विषय चालू ठेवावा. तास कमी करू नयेत. टब तळमजल्यावर हलवावा. आणि विषयासाठी योग्य पात्रता असलेली शिक्षिका पुढच्या सत्रापासून नेमावी, कारण ‘सध्याच्या शिक्षिका सूचीकार आहेत’. हे वाक्य मी अनेकदा वाचलं. खरं होतं. तरीही समितीने ते इतक्या थोडक्यात म्हणायला नको होतं.

“म्हणजे विषय राहिला आणि तू गेलीस?” काकू म्हणाल्या. “हा कुठला न्याय?” खालच्या निवृत्त न्यायाधीशांना विचारलं. त्यांनी निर्णय राखून ठेवला.

नव्या सत्राच्या सुरुवातीला मी, पुन्हा नेऊन तिथेच राहिलेली माझी वाटी आणायला गेले. विज्ञानाची खोली आता तळमजल्यावर, कार्यालयाच्या शेजारी होती. कार्यालयाबाहेर वेळापत्रकाचा फलक आहे. विषयासमोर शिक्षिकेच्या नावाची पट्टी सरकवायची असते. मोठे कारकून स्टुलावर चढले होते.

‘बालकांसाठी विज्ञान’ यासमोर आईचं नाव होतं. इतके दिवस तसंच होतं. मी कितीदा त्या फलकासमोरून गेले होते, पण आपल्याला कोणत्या खोलीत जायचं ते माहीत असलं की माणूस फलक वाचत नाही.

“काढण्याचा आदेशच नव्हता,” मोठे कारकून माझ्याकडे न बघता म्हणाले. “विषयाचं ठरेपर्यंत. आता नेमणूक झालीये. स्टूल धरता का जरा?”

मी स्टूल धरलं. त्यांनी आईचं नाव हळूच सरकवून काढलं आणि नवं सरकवलं. नव्या बाईंचं नाव जरा लांब होतं, शेवटचं अक्षर चौकटीत जाईना. त्यांनी ते अंगठ्याने दाबून बसवलं. मग खाली उतरले आणि जुनी पट्टी हातात धरून उभे राहिले.

“जुनी पट्टी नष्ट करायची असा नियम आहे,” ते म्हणाले. “कोणी करायची, ते लिहिलेलं नाही.” आणि ती माझ्या हातात दिली.

मी काही म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. शंकासुर होती, केसांतून पाणी गळत.

“ताई! तुम्ही आहात? लवकर या! दोन लिंबं आहेत, एकसारखी, एकाच झाडाची, आणि एकच बुडतंय! नव्या बाईंनाही माहीत नाही!”

आतून गाणारीचा आवाज येत होता. नवं गाणं असावं. त्याला अजून दुसरी ओळ नव्हती. त्या वर्गात आता मला काहीही अधिकार नव्हता, पात्रता तर आधीही नव्हती. पट्टी मुठीत घेऊन मी धावले.